हनुवटीची खोबण

सडक्या मांसाचं चित्र दिसलं की माणसाची नजर किती लवकर पळते, हे मी मोजते. समोरच्याने हनुवटी यंत्राच्या खोबणीत टेकवायची, की त्याची नजर चित्रावर जिथे पडेल तिथे माझ्या पडद्यावर लाल ठिपका उमटतो. प्रत्येकानंतर खोबण मी स्पिरिटने पुसते. त्यात मी कुणाचं ऐकत नाही.

आज धाकटी बहीण आली. मी चित्रं सुरू केली. हनुवटी टेकवताच ती किंचाळली, "शी! ताई, ओलंय गं हे. कुणाची लाळ आहे?"

"वेडी आहेस का? आज तूच पहिली."

मी पुसलं, तर फडक्याला कोमट, चिकट तार लागली. मी फडकं टोपलीत फेकलं.

"मी नाही बाई बसत," म्हणत ती दाराशी जाऊन उभी राहिली.

खुर्ची रिकामी होती. तरी पडद्यावर ठिपका होता आणि मांसावरून तो हलेना. आजवर एकाचीही नजर तिथे दोन सेकंद टिकली नव्हती.

मी घाईने पुढचं चित्र लावलं. गोंडस चेहरा हवा म्हणून मीच बहिणीच्या तान्हीचा फोटो घातला होता.

ठिपका तिच्या गुबगुबीत गालावर स्थिरावला, आणि खोबणीतून लाळ टपकायला लागली.