दोघी आत, एक बाहेर

"मी काही उठत नाही," सासूबाई म्हणाल्या. "गुडघा धरलाय."

तंबू तो केवढा! तिपाईवरचा कॅमेरा, एक स्टूल आणि दोन बायका, एवढ्यात जागा संपलेली. सून स्टुलावर, सासूबाई खाली सतरंजीवर. कापडाच्या फटीतून तळं दिसत होतं आणि तळ्यातल्या वठलेल्या खोडावर पंख वाळवत बसलेला तिरंदाज पक्षी. काळा, लांबोडक्या मानेचा, संशयी. त्याची नजर तंबूवरून हलत नव्हती.

"आई, असं करू नका ना," सून कुजबुजली. "तुम्ही बाहेर गेल्याशिवाय तो पाण्यात उतरायचा नाही."

ते खरंच होतं. पाखराला मोजता येत नाही. दोघी आत शिरताना दिसल्या आणि एक बाहेर पडताना दिसली, की त्याला वाटतं, गेली ब्याद. म्हणून रोज सासूबाईंनी सुनेबरोबर वाजतगाजत आत यायचं आणि एकटीनं वाजतगाजत घरी जायचं. पानावर बसवून वाढायच्या आत उठवावं, तशी गत. बगळा झाला, खंड्या झाला, पाणकावळा झाला. सुनेच्या पुस्तकासाठी सगळे मासे गिळताना टिपले गेले, आणि सासूबाईंनी त्यातलं पाहिलं काय, तर परतीची पायवाट.

आता पुस्तकात एकच पान रिकामं होतं. तिरंदाज मासा पकडत नाही, चोचीनं भोसकतो. चोचीत रुतलेला मासा गिळणार कसा? म्हणून हवेत उडवतो आणि डोक्याकडून झेलतो. तो हवेतला मासा सुनेला अजून मिळाला नव्हता, आणि उद्यापासून तळं उपसायला घेणार होते.

"खरंच उठवत नाही?"

"खोटं बोलायला मी काय तुझी नणंद आहे?"

सुनेनं एकदा खोडाकडे पाहिलं, एकदा सासूबाईंकडे, आणि स्टूल रिकामं केलं. स्टुलावर मात्र सासूबाई चटकन चढल्या. सुनेनं त्यांच्या गुडघ्याकडे पाहिलं आणि कॅमेऱ्याचं बटण दाखवलं.

"तो जिकडे वळेल तिकडे हे तोंड वळवायचं. मान वर आली की बटण दाबायचं, आणि गिळून होईपर्यंत बोट उचलायचं नाही."

"मिक्सर चालवते मी. जा तू. आणि जाताना जरा बडबड कर, मी करते तशी."

"तेवढी मला जमायची नाही," म्हणत सून बाहेर पडली.

ती बांधापलीकडे गेली मात्र, तिरंदाज खोडावरून अलगद पाण्यात सरकला. नुसती मान वर, सापासारखी. मग तीही नाही. पाणी गप्प. मेला बुडाला की काय?

आला. नको तिकडे, पार डावीकडे, चोचीवर तळहाताएवढा मासा! सासूबाईंनी कॅमेरा गर्रकन वळवला, बटण दाबलं, कॅमेरा टरटरू लागला. मासा सुटेना. त्यानं मान झटकली, पाण्यावर आपटली.

"अरे, नीट उडव की मेल्या," सासूबाई पुटपुटल्या. बोट हललं नाही.

मानेला एक हिसडा बसला आणि मासा उडाला. उन्हात लखलखला, गिरकी घेऊन डोकं खाली करून आला, तो थेट उघड्या घशात. मानेतून गोळा खाली सरकताना दिसला, तसा सासूबाईंनीही आवंढा गिळला.

बांधाआडून पाहत असलेली सून धावतच आली. सतरंजीवर बसून कॅमेऱ्याच्या पडद्यावर एकेक फोटो मागे सारत गेली आणि एकावर थांबली. खाली आ वासलेली चोच, वर मासा, मध्ये पाण्याचा एक थेंब. जे टिपायला ती इतके दिवस इथं दबा धरून बसली, ते हे. आणि ते तिनं टिपलं नव्हतं.

"आई, ह्याच्याखाली नाव तुमचं घालावं लागेल," ती म्हणाली.

सासूबाई फटीला डोळा लावून बसल्या होत्या. तिरंदाज पुन्हा खोडावर चढून तंबूकडे टक लावून बघत होता.

"नावाचं घरी बघू," त्या म्हणाल्या. "त्याचं पोट भरलेलं नाही अजून. ऊठ, बाहेर जा."