दादूचा पिंजरा

“एवढासा?” मालन कॉटवरूनच म्हणाली.

जयवंतने आंब्याच्या पेटीला जाळी ठोकून केलेला पिंजरा खाली ठेवला. बायको नाक मुरडणार हे त्याला ठाऊक होतं. पण पिंजरा लहान पडतो म्हणून मुरडेल, हे त्याच्या स्वप्नातही नव्हतं.

पिंजरा दादूसाठी होता. दादू म्हणजे सरडा. जयवंत मुलुंडला ज्या फर्निचरच्या कारखान्यात कामाला होता, तिथे आरे कॉलनीतून लाकूड आलं, त्यात तो लंगडताना सापडला. आता त्याचा पाय बरा झाला होता. संध्याकाळी टीव्ही लागला की स्वारी वर चढून ऊब खात बसायची आणि खुशीत आली की गळा लाल करून मान डोलवायची. गिरणीतली नोकरी सुटल्यापासून घुम्यासारखा बसणारा जयवंत ते बघून पोट धरून हसायचा.

मालनला मात्र सरड्याच्या नावानेही कापरं भरायचं. दादू आल्यापासून ती कॉटवरून पाय खाली सोडत नव्हती. स्वयंपाकाला उठली तरी हातात झाडू असायचा. शेवटी तिने निर्वाणीचं सांगितलं होतं, “रविवारपर्यंत पिंजरा झाला नाही, तर मी चालले घाटकोपरला भावाकडे.”

जयवंतची पंचाईत झाली. दादूला सोडून देववत नव्हतं, आणि मालनशिवाय तर त्याचं पान हलत नव्हतं.

“शेपटी धरून हातभर तर आहे तो,” तो म्हणाला.

“म्हणून काय त्याचं मुटकुळं करून ठेवायचं? पाय पसरता यायला नकोत?”

जयवंतला गहिवरूनच आलं. पेटी बाजूला सारून त्याने गॅलरीत नव्याने माप घेतलं. मालन कॉटवरून सूचना देत राहिली. आधी लांबी वाढली, मग उंची.

“मधे फळी घाला. सागाची. वाकता कामा नये.”

“अगं, बटाट्याएवढं वजन त्याचं!”

“वाढत्या अंगाचा आहे. आणि जाळी बारीक लावा, डास आत नकोत.”

“डास तर तो खातो!”

“म्हणून काय दिवसभर खायचे? अजीर्ण होईल त्याला.”

शेजारची शकु दारातून डोकावली. “भावजी, सरडा ठेवताय की म्हैस?”

“मुका जीव आहे तो, शकु,” मालनने तिला परस्पर गप्प केलं.

आपण या बाईला उगाच कठोर समजत होतो, असं जयवंतला वाटलं. मग त्याने हात आखडता घेतला नाही. रंधा मारला, कडा घासून गुळगुळीत केल्या. रविवारी सकाळी पिंजरा गॅलरीत उभा राहिला, भिंतीपासून थेट कठड्यापर्यंत. फळीवर कोवळं ऊन पडलं होतं. जयवंतने कडी हातात घेतली.

“ती राहू द्या, मी बसवते,” मालन म्हणाली. “तुम्ही त्याच्यासाठी नाकतोडे घेऊन या.”

गिरणी कामगाराची बायको ती, स्क्रू पिळणं तिला नवं नव्हतं. जयवंत बरणी घेऊन शीळ घालत मागच्या टेकडीवर गेला.

परतला तर दादू कॉटवर, मालनच्या उशीवर ऐसपैस पसरलेला. गळा लालभडक. मालनचा पत्ता नाही. एवढं करून ही गेली की काय भावाकडे?

“मालन! अगं, वाट लागली! दादू बाहेरच आहे!”

“मग असू दे की. त्याला कशाला कोंडायचं?” गॅलरीतून आवाज आला. “आधी दार ओढून घ्या, नाहीतर पळेल तो. आणि चहा टाका दोघांना.”

जयवंत गॅलरीत धावला. सागाच्या फळीवर पाय पसरून, मांडीवर शेंगांचं सूप घेऊन मालन उन्हात बसली होती, आणि पिंजऱ्याची कडी तिने आतून लावून घेतली होती.