नोंदवलेला नंबर

“फोन हप्त्यावर घेतलाय, हप्ते थकलेत, म्हणून स्कोअर पडलाय. यात माझ्या हातात काही नाही,” हर्षद म्हणाला आणि त्याने संगणकाचा पडदा दोघांकडे वळवला.

रोह्याच्या बाजारपेठेतलं ते फायनान्स कंपनीचं ऑफिस, एका मोबाईलच्या दुकानाच्या वर. टेबलासमोर दोन खुर्च्या. एकीवर त्र्यंबक गुरुजी बसले होते, मांडीवर कागदांची फाईल घेऊन. बायजाला दोनदा बस म्हटलं तरी ती उभीच होती.

“माझ्याकडं फोनच नाय,” ती म्हणाली. “घरात एक हाय बटनांचा, तो घरधन्याच्या खिशात. त्यालाबी सहा म्हैने रिचार्ज नाय.”

गुरुजींनी घाम पुसला. आठवड्यातला हा तिसरा हेलपाटा. पेणच्या बँकेने सांगितलं होतं, सुरभीच्या नर्सिंगच्या कर्जाला तिच्या आईचा, बायजाचा, स्कोअर आडवा येतोय, रोह्याहून पत्र आणा. रोह्यात म्हणाले, आधी पोलिसांचा कागद आणा. पोलीस म्हणाले, बाई गागोद्याची, म्हणजे पेण तालुक्यातली, फोनचं दुकान रोह्यातलं. तक्रार कुठली ते आधी ठरवून या. आणि प्रवेशाचे पैसे भरायची शेवटची तारीख शुक्रवार. आज बुधवार होता.

“ह्यो स्कोअर म्हंजे काय, ते तरी कुनी सांगा,” बायजा म्हणाली.

“प्रगतिपुस्तक समज,” गुरुजी म्हणाले. “कर्ज वेळेवर फेडलं की गुण वाढतात. चुकवलं की कापले जातात.”

“मग माझ्या नावानं परीक्षेला बसला कोन?”

हर्षदला हसू आलं. गुरुजींना आलं नाही.

“तुला किती वेळा बजावलं होतं,” त्यांचा आवाज नको तेवढा चढला. “झेरॉक्स कुणाला द्यायची तर वर रेघ मारून कारण लिहायचं.” त्यांनी फाईलमधून बायजाच्या आधारची प्रत काढून टेबलावर ठेवली. त्यावर त्यांच्याच वळणदार अक्षरात तिरपं लिहिलं होतं, ‘फक्त शैक्षणिक कर्जासाठी’, खाली तारीख. “आणि फोनवर आकडा आला तर तो कुणालाही सांगायचा नाही. कुणाला सांगितलास, आठव.”

“मला कुठला आकडा येतोय?”

“आठव, बायजा.”

“सर, त्यांच्यावर चिडून काय होणार,” हर्षद म्हणाला. “करार ओटीपीवर झालाय. एकोणतीस मार्च, दुपारी बारा चाळीस. नोंदवलेल्या नंबरचे शेवटचे चार आकडे दिसतायत इथे. चार, तीन, शून्य, सात.”

गुरुजींनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, परत लावला. आकडे तेच होते.

वाडीत कायम चालू असणारा फोन एकच, त्यांचा. रेशन, गॅस, पीक विमा, बँक. फॉर्मवर मोबाईलचा रकाना आला की लोक गुरुजींचा नंबर लिहीत. गुरुजींना ते आवडायचं. निवृत्तीनंतर कुणाला तरी आपली रोज गरज लागते, असं वाटायचं. मार्चमध्ये एका मुलाचा फोन आला होता. बायजाबाईंच्या गॅसचं काम आहे, आकडा येईल, तेवढा सांगता का, गुरुजी? ‘गुरुजी’ म्हणाला होता. त्यांनी सांगितला. दोनदा सांगितला, शुद्धलेखन घालावं तसा, थांबत थांबत.

“हा नंबर माझा आहे,” ते म्हणाले.

“काय?”

त्यांना ते पुन्हा म्हणावं लागलं.

“म्हणजे ओटीपी तुम्ही दिलात.”

“ते सगल्यांचंच सांगतात,” बायजा घाईने मध्ये पडली. “आमच्या वाडीत कुनाचंबी असू दे. चांगल्यासाठीच सांगतात.”

“सगळ्यांचं?” हर्षदचा हात कीबोर्डवर थांबला. “किती घरं आहेत, सर?”

फाईलच्या कडेवर गुरुजींचं बोट घरं मोजत सरकत होतं. ते एकोणिसाव्या घरापर्यंत आले होते.

हर्षदने तक्रारीचा फॉर्म उघडला. “तक्रार मी आता इथूनच टाकतो. पोलिसांचा कागद मागाहून जोडा. पण निकालाला तीस दिवस लागतात.”

“आन शुक्रवार?” बायजाने विचारलं.

“शुक्रवारपर्यंत नाही होणार, मावशी.”

बायजा खुर्चीवर बसली.

गुरुजींच्या खिशात फोन थरथरला.

“तक्रारीचा ओटीपी आला असेल.” हर्षदने कीबोर्ड त्यांच्यापुढे सरकवला. “मला सांगू नका. इथे स्वतः टाका.”

गुरुजींनी फोन बाहेर काढला. एकदा बोट कीबोर्डपर्यंत गेलं आणि मागे आलं. बायजाने फोन त्यांच्या हातातून काढून घेतला. वीस वर्षं पेणच्या बाजारात वाल विकत होती ती, आकडे तिला येत होते. गुरुजींनी कधी विचारलं नव्हतं. एका बोटाने शोधत शोधत तिने एकेक बटण दाबलं. सहाच्या सहा.

“आकडा मी टाकलाय, गुरुजी,” पडद्यावरून नजर न काढता ती म्हणाली. “सुरभीला तुमी सांगा.”