मूळ पत्र चौदा

प्राध्यापक कौशिकजींना मोडीतला ‘क’सुद्धा वाचता येत नाही. झाशीत लक्ष्मी गेटजवळच्या माझ्या घरी जुनी मोडी पत्रं चार महिने मीच वाचली, देवनागरीत वहीत उतरवली. त्यांनी वहीची झेरॉक्स नेली. आज चर्चासत्रात त्यांचा शोधनिबंध हाती आला, तर प्रत्येक उताऱ्यापुढे कंसात ‘मूळ पत्र’ आणि क्रमांक. माझं नाव कुठेच नाही. विचारलं तर हसले. “काकूजी, संदर्भ मूळ पत्राचाच देतात.” तळपायाची आग मस्तकात गेली. मंचावरून ते वाचू लागले, “‘दूध संपले. आणणे.’ मूळ पत्र चौदा. म्हणजेच दोनशे वर्षांपूर्वी झाशीत दुधाची टंचाई होती.” टाळ्या पडल्या. मी वही घेऊन उभी राहिले. “चौदाव्या पत्रात दूध नाहीच. ती ओळ मी माझ्यासाठी समासात लिहिली होती. तिच्यापुढे तरी माझं नाव घाला. दूध माझ्या घरचं संपलं होतं.”