नमुन्याचा पेला

काच फुंकून भांडी घडवणाऱ्या काचकाकांचा पेला इतका पातळ असायचा, की ओतल्यावर पाणीच आपल्या पायांवर उभं राहिलंय असं वाटे. पण आता काकांच्या छातीतला दम सरला होता. परदेशातून कारागीर आणला नाही तर भट्टी विझणार, म्हणून त्याचा परवाना मागायला ते सरकारी कचेरीत ऐटीत येऊन बसले होते.

"नियमाप्रमाणे आधी इथल्या कारागिरांसाठी जाहिरात दिलीत ना?" परवाना देणाऱ्या बाईसाहेबांनी विचारलं.

"दिली की! कचेरीत नमुन्याचा पेला आणून द्या म्हटलं. आहे कोण माईचा लाल?"

बाईंनी कपाटातून एक पेला काढून टेबलावर ठेवला. काकांनी तो उजेडात धरला, नखाने हलकेच वाजवला आणि खुशीत आले. "अहो, हा तर माझाच!"

"तुमचा नाही, एका उमेदवाराचा आहे. लायक माणूस इथेच मिळाल्यामुळे तुमचा अर्ज नामंजूर." मग त्यांनी दाराकडे पाहून हाक मारली, "या आत."

आत आली ती काकांची लेक.

"कधी शिकलीस गं?"

"दुपारी तुम्ही घोरायचात, बाबा. भट्टी थोडीच घोरायची! घरी विचारलं की 'हे तुझं काम नाही' म्हणता, म्हणून सरकारी दारातून आले."

काका बराच वेळ त्या पेल्यातून लेकीकडे बघत राहिले. मग छाती फुगवून म्हणाले, "बाईसाहेब, नकार जरा ठळक अक्षरांत लिहून द्या. भट्टीच्या दारावर लावायचाय."