हत्तीच्या तोंडी वजीर

सिंधूताईंनी वजीर उचलला आणि सरळ चारुशीलाच्या हत्तीच्या तोंडी नेऊन ठेवला. हात सुटला, घड्याळ दाबलं, झाली खेळी.

सक्करदऱ्याच्या त्या बुद्धिबळ क्लबात एरवी कोण गप्प बसतं? आज चहासुद्धा तसाच निवत पडला होता. दोघी साठी उलटलेल्या, तोडीस तोड. एकमेकींशी खेळल्या की डाव हमखास बरोबरीत सुटायचा. आज मात्र जिंकेल तीच क्लबातर्फे राज्य स्पर्धेला जाणार होती. धरमपेठेच्या चारुशीलाला जायचंच होतं. लग्नाआधी एकदा तिची निवड झाली होती, पण पोरीला एकटीला परगावी धाडायचं नाही म्हणून घरच्यांनी मोडता घातला. ते तिच्या मनातून अजून गेलं नव्हतं.

आणि आता फुकटात वजीर! समोर दुसरी कोणी असती तर तिनं झटकन मारला असता. पण या सिंधूताई. या बाईनं जन्मात कधी साधं प्यादंही फुकट सोडलं नव्हतं. त्या तर पदर सावरून खिडकीबाहेर बघत निवांत बसल्या होत्या. नक्कीच काहीतरी शिजत होतं.

चारुशीला शोधू लागली. वजीर मारावा, तर हत्ती जागेवरून हलतो, घोडा शह देतो, राजा कोपऱ्यात कोंडतो आणि मात. बरं, नाही मारला तर? तोच वजीर पुढच्या खेळीला मात करतो. तिनं पुन्हा पाहिलं. सुटका नव्हतीच. पटावर इतकं सुंदर काही तिनं कधी पाहिलं नव्हतं. स्पर्धा गेली, रडू यायला हवं होतं, पण तिला हात जोडावेसे वाटत होते.

तिनं आपला राजा आडवा केला. लोक चक्रावलेच. जिंकत आलेला डाव हिनं काहून सोडला, असं जो तो विचारू लागला.

“धन्य आहे ताई तुमची,” ती म्हणाली. “मारला तरी मात, नाही मारला तरी मात. सुचलं कसं हो हे?”

सिंधूताई पटावर वाकल्या. बराच वेळ बघत राहिल्या. मग तिच्या कानाशी आल्या.

“कोणती मात वं? हात सुटला अन् मले दिसलं का वजीर फुकट गेला. तू मारला का मीच राजा आडवा करणार होती.”