सर्व नोंदी

"चौतीस वर्षं नोकरी केली, आठ दिवसांवर निवृत्ती आली, आणि आता हे ऐकायचं?" सासूबाई म्हणाल्या. दवाखान्याच्या अधीक्षकांनी खुर्ची दिली होती, तरी त्या बसल्या नव्हत्या.

अधीक्षकांच्या हातात कागद होता. वॉर्ड नंबर सात. तीन महिने ताप-रक्तदाबाची एकही नोंद नाही. आणि सात नंबरच्या मुख्य सिस्टर सासूबाईच.

"कॉम्प्युटर खोटं बोलत नाही, सिस्टर," संगणक विभागाचे साहेब म्हणाले.

सून त्याच साहेबांच्या हाताखाली. तो कागद काढून द्यायला तिलाच लॅपटॉप घेऊन बसवलं होतं. काय वेळ आली बघा! घरी या दोघींचं रोज वाजायचं, आणि तेही डब्यांवरून. सुनेने हौसेने प्रत्येक डब्यावर चिठ्ठी चिकटवली होती. साखर, मीठ, मैदा. पण सासूबाई चिठ्ठी वाचून वर झाकण उघडणार, बोट घालून चाखणार. "अहो आई, लिहिलंय ना!" "लिहिणारा काय चुकत नाही?" सुनेच्या अंगाची लाही लाही व्हायची.

कागदाच्या डोक्यावर छापलं होतं, 'सर्व नोंदी'. हे व्ह्यूचं नाव. व्ह्यू म्हणजे कुणीतरी एकदा लिहून ठेवलेला प्रश्न. बटण दाबलं की तोच प्रश्न मूळ तक्त्याला विचारला जातो आणि उत्तर समोर येतं. नाव सगळेच वाचतात, आतला प्रश्न कोण कशाला बघतंय? तिनेही पाच वर्षांत बघितला नव्हता.

आज उघडला. चार ओळींचा तर होता. शेवटची अट वाचून तिला हसूच फुटलं.

"हसायला काय झालं?" साहेब गुरकावले.

तिने स्क्रीन अधीक्षकांकडे वळवली. "सर, यात लिहिलंय, सगळे वॉर्ड घ्या, फक्त सात नंबर सोडा. शेजारी टीप आहे. 'छत गळतंय, वॉर्ड बंद, तात्पुरता वगळला.' तारीख दोन वर्षांपूर्वीची, नाव साहेबांचं. वॉर्ड उघडून तीन महिने झाले, अट तशीच राहिली."

मग ती अट वगळून तिने तोच प्रश्न पुन्हा विचारला. नोंदी अशा आल्या की थांबेचनात. सात नंबर, सकाळी सहा. सात नंबर, दुपारी बारा. तीन महिन्यांत एक वेळ चुकलेली नाही!

साहेब चष्मा पुसत बसले. अधीक्षक मात्र उभे राहिले आणि त्यांनी कागद टराटरा फाडला. "सिस्टर, आम्हाला माफ करा."

सासूबाई आता कुठे खुर्चीत बसल्या. सुनेला तर तिथेच टाळ्या पिटाव्याशा वाटल्या.

संध्याकाळी घरी चहा ठेवताना सासूबाईंनी साखरेचा डबा पुढे केला. सुनेने चिठ्ठी वाचली, झाकण उघडलं आणि बोट घालून चाखलं.

"काय गं," सासूबाई म्हणाल्या, "गोड आहे ना?"